घासलेली लक्ष्मी

माळेवाडीच्या दूध डेअरीत दर दहा दिवसांनी दुधाचे पगार वाटायचे आणि दर वेळी चेअरमन आप्पाराव एकदा तरी कपाळाला हात लावायचे. कारण वाटायला बसलेला माणूस शहादेव असायचा. अंबाजोगाईच्या बँकेतून आणलेली चिल्लरची थैली तो गोणपाटावर ओतायचा आणि वाटायचं सोडून नाणी उलटीपालटी करत बसायचा. समोर दूध घालणाऱ्यांची रांग. कुणाला म्हशी सोडायच्यात, कुणाला घाटनांदूरच्या बाजाराची जीप गाठायचीय आणि हा बाबा एक अठन्नी दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवतोय.

"शहादेव, पगार वाटायचाय का पूजा मांडायचीय बे?" आप्पाराव ओरडायचे.

"वाटतो की आप्पा. येवढी बगू द्या. ह्या सालची मला घावतच नव्हती."

मग स्वतःच्या खिशातून तेवढ्याच मोलाचं नाणं काढून तो गोणपाटावर टाकायचा आणि आवडलेलं नाणं खिशात घालायचा. रांगेतले लोक हसायचे, पण त्याच्यावर रागवायचं कुणाला जमलं नाही. एक तर दूध मोजताना त्याचं माप कधी हललं नाही. दुसरं म्हणजे एवढ्या खूश झालेल्या माणसावर रागवायला फार कोरडं मन लागतं आणि तसं मन माळेवाडीत कुणाचं नव्हतं. दुष्काळानं जमीन कोरडी केली होती, माणसं नाही.

त्याच्या बायकोला, मालनबाईला, हे वेड लग्नाच्या दिवशीच कळलं होतं. माळेवाडीच्या शिवेला एक जुनी दगडी बारव आहे, पायऱ्या उतरून जायची. गावात नवी नवरी आली की घराचा उंबरा ओलांडायच्या आधी तिला बारवेवर नेतात. ती पाण्याला हळदकुंकू वाहते आणि त्यात एक नाणं सोडते. गावच्या पाण्याला नव्या सुनेची ओळख व्हावी म्हणून. मालनबाईच्या आईनं त्यासाठी कमळ छापलेले पिवळेधमक वीस पैसे जपून ठेवले होते. त्यात सोनं मिसळलंय अशी त्या काळी बायकांत बोलवा होती. नवरी शेवटच्या पायरीवर वाकली, मूठ उघडणार, तेवढ्यात शेजारी उभ्या नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि तिच्या कानाशी लागला.

"ते ऱ्हाऊ दे की. दुसरं टाक. माज्याकडं चाराणे हायत."

नवऱ्याच्या तोंडचं हे पहिलं वाक्य. मालनबाईला काही उमगलं नाही. पण वरच्या पायरीवर सासू उभी होती, त्या भीतीनं तिनं मूठ सोडली. नाणं टुब्कन बुडालं. नवरदेव असा पाण्याकडे बघत राहिला की करवलीला त्याचा शेला धरून ओढावं लागलं. पुढं आयुष्यभर मालनबाई ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायची. "बायकूकडं न्हाई बगितलं, पैशाकडं बगितलं," म्हणायची आणि शहादेव खाली मान घालून हसायचा.

ओळख वाढल्यावर त्यानं तिला मूळ गोष्ट सांगितली. बहात्तरच्या दुष्काळात तो मिसरूड फुटायच्या वयाचा होता आणि आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा. दुपारी सुकडी मिळायची, ती खाऊन पुन्हा घण उचलायचा. एक दिवस मुरूम खणताना कुदळीखालून काळंमिट्ट, जाडं नाणं निघालं. कामावर धोंडीराम नावाचा म्हातारा होता, निजामाच्या काळात उर्दू शाळेत चार बुकं शिकलेला. त्यानं डोळ्यांजवळ धरून अक्षरं लावली. "हैदराबाद लिवलंय, लेकरा. आपण समदे त्याच मुलखातले. कुणी सांगावं, ह्याच पैशावर तुज्या पणज्यानं मीठ घेतलं आसंल."

संध्याकाळी रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्यानं तांब्याच्या लोभानं त्या नाण्याच्या बदल्यात द्रोणभर भजी देऊ केली. पोटात आग पडलेली आणि पोरगं म्हणालं, नको. ज्याचं दुकानात मीठसुद्धा येत नाही असा पैसा मुठीत आवळून ते उपाशी घरी गेलं. आई म्हणाली, उन्हानं डोकं फिरलं ह्याचं. मला मात्र वाटतं, त्या साली अख्ख्या मुलखात जी काही थोडी श्रीमंत माणसं असतील, त्यांत ह्या पोराला धरायला हवं.

त्यानंतर नाणी येत राहिली. कुणाच्या कणगीच्या बुडाशी सापडलेली, कुणाच्या आजीच्या बटव्यातली, भोकाचा पैसा, चारमिनारवाला रुपया, चौकोनी दोन आणे. शहादेवनं फुकट कुणाचं घेतलं नाही. पैसे नसतील तेव्हा त्या घरची कडब्याची गंज रचून द्यायचा, गोठा शाकारून द्यायचा. प्रत्येक नाणं तो कागदाच्या पुडीत बांधायचा आणि पुडीवर लिहायचा, कुणाकडून, कुठं. 'पारूबाईकडून, जात्याखाली.' 'तेलगावच्या बाजारात, बांगडीवाल्याकडून.' सगळ्या पुड्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. मालनबाई भाकरी थापायला बसली की तो चुलीपुढं डबा उघडायचा, एकेक पुडी वाचून दाखवायचा आणि त्या त्या माणसाची नक्कल करायचा. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पुड्या सगळ्या ऐकून पाठ झाल्या होत्या. दिवसभराच्या कामात तिला हा वेळ सगळ्यात प्यारा होता, हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

घाटनांदूरला राधाकिशन शेठचं कापडाचं दुकान. त्यांनाही नाण्यांचा नाद शहादेवमुळेच लागला. बाजारच्या दिवशी दोघं गाठोड्यांच्या आड बसायचे आणि गिऱ्हाईक ताटकळायचं. "शेट, नाण्याला पाणी बी लावू नका," हा शहादेवचा पहिला धडा. हीच एक गोष्ट त्यानं घरी कधी सांगितली नव्हती. सांगायची वेळच आली नव्हती. डब्याला बायको हात लावायची नाही.

मग २००९ सालची दिवाळी आली. राधाकिशन शेठनं खटपट करून अंबाजोगाईच्या एका प्रदर्शनात शहादेवसाठी टेबल मिळवलं. दिवाळीनंतरच्या रविवारी लांबलांबचे लोक नाणी बघायला येणार होते. शहादेवनं नवा सदरा शिवायला टाकला. चुलीपुढं बसून, कोणतं नाणं आधी मांडायचं आणि कोणतं शेवटी, ह्यावर रोज नवा बेत. मालनबाईला वाटलं, ह्या माणसाचं एवढं मोठं काम निघालंय आणि आपल्या हातून त्याला काहीच मदत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शहादेव डेअरीत सभासदांना दिवाळीचा बोनस वाटायला गेला. मालनबाईनं देवाची उपकरणी घासायला घेतली आणि तिला सुचलं. शहरातली माणसं बघणार, आणि आपली नाणी ही अशी काळीकुट्ट, हिरवटलेली. न घासलेला तांब्या पाहुण्यापुढं कुणी ठेवतं का? तिनं डबा काढला. चिंच भिजवली, चाळलेली राख घेतली, विटकरीचा बारीक भुगा घेतला. पुड्यांचे कागद जुने, तेलकट झाले होते. ते चुलीत घातले, नव्या कागदात नवरा बांधील म्हणून. दुपारभर ती अंगणात घासत बसली. बोटांची सालटी निघाली तरी थांबली नाही. दिवेलागणीला पाटावर लाल वस्त्र टाकून तिनं झेंडूच्या मधोमध नाण्यांची रास मांडली. पणतीच्या उजेडात ती रास अशी झळकत होती की मालनबाईला स्वतःचंच कौतुक वाटलं.

शहादेव आला आणि दारातच थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मालनबाईनं पाहिलं आणि तिचा ऊर भरून आला. तो हळूच पाटापाशी बसला. एक नाणं उचललं, उलटं केलं, परत ठेवलं. मग त्यानं तिचा हात ओढून घेतला, सोललेली बोटं बघितली, उठून खोबरेल तेलाची बाटली आणली आणि एकेका बोटाला तेल लावलं.

"लई चकचकीत केलीस गं," तो म्हणाला. "इतकं कशाला घासायचं? बोटं बग कशी झाली."

मालनबाईनं भाऊबीजेपर्यंत ही गोष्ट अर्ध्या गावाला सांगितली.

रविवारी तो प्रदर्शनाला गेला नाही. डेअरीची गाडी बिघडलीय, दूध नासेल, असं काहीतरी म्हणाला. नवा सदरा खुंटीला राहिला. डबा फळीवर गेला आणि त्याच्या हातानं पुन्हा खाली आलाच नाही.

डेअरीत पगार झटपट उरकू लागले. शहादेव चिल्लर ओतायचा, मोजायचा, वाटायचा. आप्पारावांना आधी बरं वाटलं, मग करमेना. एकदा ते स्वतः कुठूनसं चौकोनी नाणं घेऊन आले आणि त्याच्यापुढं ठेवलं. "ऱ्हाऊ द्या आप्पा, पोरांला द्या खेळायला," शहादेव म्हणाला आणि दुधाच्या कॅनचं झाकण बसवायला वळला. २०११ साली सरकारनं चाराणे बंद केले, तेव्हा तर गाव हुरूपानं त्याच्या दारी आलं. डबे, बरण्या, लेकरांचे गल्ले, सगळ्यांना वाटलं शहादेव हरखून जाईल. त्यानं सगळ्यांना चहा पाजला आणि सांगितलं, बँकेत भरा, बदलून मिळतील. त्या दिवशी मालनबाईची काळजी वाढली. माणसाचं काही दुखत-खुपत नव्हतं, तो भांडत नव्हता, दोन वेळा जेवत होता. पण घरातून काहीतरी उठून गेलं होतं आणि ते कुठं गेलं हे तिला समजेना. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं डेअरीचा ताप. तिनं परळीला जाऊन देवाला साकडं घातलं. आणि दर दिवाळीला, त्याला बरं वाटावं म्हणून, डबा काढून विचारायची, "यंदा बी घासू का?"

"घास की," तो म्हणायचा.

ती घासायची, आदल्या वर्षीपेक्षा जास्त जोर लावून. तो ओट्यावर बसून बघत राहायचा आणि पूजा झाली की तेलाची बाटली घेऊन यायचा.

२०१२ सालचा पाऊस दगा देणार हे पोळ्यालाच कळून चुकलं होतं. त्याच सुमारास मालनबाई लेकीच्या चोळीला खण घ्यायला घाटनांदूरला गेली. राधाकिशन शेठनं खण उलगडले आणि म्हणाले, "वहिनी, शहादेवराव आमाला इसरलेच की."

"त्येच तुमाला इचारायचं होतं, शेटजी. कावून सोडलं त्येंनी समदं?"

"तुमाला ठाऊक न्हाई?" शेठ गजाचं माप खाली ठेवून म्हणाले. "अहो, समदी नाणी चिंच लावून घासून टाकली की त्येंनी! जुन्या नाण्यावर जो काळा-हिरवा रंग चढतो ना वहिनी, त्यो शेकडो वर्सांनी चढतो. त्येच तर त्याचं जुनेपण. त्यो घासला की गेलं. अक्षरं बी पुसली. असलं नाणं परदर्शनात कोण मांडू देतंय? मलाच त्येंनी शिकवलं, पाणी बी लावू नका म्हणून. आन् सोताच..."

मालनबाईच्या हातातला खण तसाच राहिला. "त्येच म्हणले? 'मी घासली' म्हणून?"

"हां तर. 'दिवाळीला येड्यावानी मीच घासत बसलो शेट,' म्हणले. पुड्यांचे कागद बी जाळले म्हणे. आता कोणतं नाणं कुणाचं, कायबी वळखू येत न्हाई. मी लई बोललो त्येंना. माझी जीभ लई तिखट हाय वहिनी. खाली मान घालून समदं ऐकून घेतलं बिचाऱ्यानं."

खण न घेताच ती बाहेर पडली. स्टँडवरच्या लिंबाखाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. नाणी बिघडवली ह्याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त तिला लागलं ते दुसरंच. दर दिवाळीला आपण पुन्हा पुन्हा घासत होतो, तो समोर बसून बघत होता, आणि वर आपल्याच बोटांना तेल लावत होता. आपल्या वाटची बोलणी मित्राच्या दुकानात जाऊन खाऊन आला होता. असा माणूस आपल्या पदरात पडला आणि आपण लोकांना त्याची नक्कल करून हसवत राहिलो, असं तिला वाटलं.

घरी जाऊन पाय धरावेत असं पहिल्यांदा मनात आलं. पण ती त्याला ओळखून होती. ती रडायला लागली असती, तर आपलं दुखणं बाजूला ठेवून तो तिचीच समजूत घालत बसला असता. म्हणून ती गप्प राहिली. नुसतं बोलून ह्याची भरपाई होणार नाही, काहीतरी हातावर ठेवूनच बोलायचं, एवढं तिनं मनाशी धरलं. काय ठेवायचं ते मात्र तिला माहीत नव्हतं. दिवाळी आली तेव्हा तिनं डब्याकडे बघितलंही नाही. "यंदा घासायला पाणी कुठंय?" म्हणाली. शहादेवनं तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि तो वाती वळायला बसला.

होळी झाली आणि गावातले बोअर एकामागून एक कोरडे पडले. टँकर यायचा तो माणसांनाच पुरेना. डेअरीचं दूध आटलं, तेव्हा आप्पारावांनी माळावर संस्थेची चारा छावणी काढली. जनावरं जगली तर डेअरी जगेल, हा साधा हिशेब. शहादेव तिथं कडबा तोलून वाटायला. जनावरांना पाणी पाहिजे, म्हणून संस्थेनं ठराव केला की बारव उपसायची. नळ आल्यापासून बारवेला कुणी विचारत नव्हतं. वरच्या पायऱ्या सोडल्या तर बाकी सगळी गाळानं भरली होती. सभासदांच्या घरच्या बायकांना आधी काम द्यायचं ठरलं.

पहिल्या दिवशी टोपलं घेऊन आलेल्या बायकांत मालनबाईला पाहून शेजारच्या वत्सलाबाईला नवल वाटलं. "तू गं कावून आलीस? ह्या वयात गाळ उपसायला?"

"आले आपली," मालनबाई म्हणाली. बारवेत काय आहे हे गावातल्या प्रत्येक सुनेला माहीत होतं. पण ते कुणाला हवं आहे, हे तिच्याएवढं कुणाला माहीत नव्हतं.

वरच्या थरात नुसती घाण निघाली. फुटक्या बरण्या, चपला, प्लास्टिक. बायका पायऱ्यांवर ओळ धरून उभ्या राहायच्या आणि टोपली हातोहात वर जायची. पुढं चांगली चिकणमाती लागली आणि एका टोपल्यात स्टीलचा रुपया दिसला, मग आणखी एक. वत्सलाबाईनं लगेच तो प्यायच्या पाण्याच्या बादलीत बुचकळायला हात नेला.

"धुऊ नगं!" मालनबाई खालून अशी ओरडली की सगळी ओळ जागच्या जागी थांबली. "पाण्याला लावू नगं त्येला! पदरानं बी पुसू नगं!"

"अगं, चिखल हाय त्येच्यावर."

"आसू दे चिखल. जसं घावलं तसं वर जाऊ दे."

तिनं वरच्या पायरीवर पोतं अंथरलं. त्या दिवसापासून तिथं तिचं राज्य. जसजसं खोल जावं तसतशी नाणी पोत्यावर पुढं पुढं मांडायची, मातीसकट. आधी स्टीलचे रुपये आणि आठाणे, मग पांढरे फटक पडलेले ॲल्युमिनियमचे पाच-दहा पैसे. अलीकडच्या सुना वर, जुन्या सुना खाली. बायकांनाही मग चेव आला. "ही माजी जाऊबाई आसंल," "ही आमची आत्याबाई," असं म्हणत त्या नाणी वर द्यायच्या. आप्पाराव येऊन बघून गेले आणि म्हणाले, बारवेचं धन कुणी घरी न्यायचं नाही, संस्थेच्या कपाटात राहील.

आणि एका दुपारी मालनबाईच्या खुरप्याला टणक लागलं. मातीच्या ढेकळातून पिवळी कड दिसत होती आणि कडेशी कमळाची अर्धी पाकळी. तिचा अंगठा आपोआप पुढं झाला. सगळा जन्म भांडी घासण्यात गेलेला अंगठा तो, त्याला घाण दिसली की राहवत नाही. तिनं तो मुठीत दाबून धरला. वत्सलाबाईनं वाकून बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"मालन, तुज्या लग्नातला गं ह्यो! आमी समद्यांनी आयकलंय त्येचं." मग ती वर बघून ओरडली, "आप्पा, येवढा हिचा हिला नेऊ द्या!"

"नेऊ द्या," वरून आवाज आला.

मालनबाईनं रुईचं पान तोडलं, ढेकूळ त्यावर ठेवलं आणि भर उन्हात माळ चढून छावणीत गेली. शहादेव काट्यापाशी उभा होता, समोर पेंढ्या घ्यायला आलेली माणसं. तिला धापा टाकताना पाहून तो घाबरला.

"काय झालं गं? कुणी पडलं का?"

तिनं पान पुढं केलं. "बारवेत घावलं. घासलं न्हाई. माती बी तशीच हाय."

शहादेवनं नाण्याकडे बघितलंच नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"तुला कुणी सांगितलं?"

"शेटजीनं."

"कवा?"

"गेल्या दिवाळीच्या आंदी."

"आन् येवढे दिस तू बोलली न्हाईस?"

"तुमी तरी कुठं बोललावता?" मालनबाई म्हणाली. "माज्या वाटची बोलणी खाऊन आलाव. वर मलाच तेल लावत बसलाव."

त्यानं खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले, मग हात पुसले आणि पान अलगद तिच्या हातातून घेतलं. आणि मग, किती वर्षांनी, त्यानं ते ढेकूळ दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवलं. पाकळी दिसली तशी त्याची मान पुढं झाली. मान पुढं झाली आणि तोंड सुटलं.

"कुठल्या पायरीखाली घावलं? मातीचा रंग कसा होता तितं? कमळ वर होतं का खाली? आन् ह्येच्या खाली काय निगालं? भोकाचा पैसा आला का? तुमी खाली गेलाव का थांबलाव? अगं थांबवायचं की त्येंना! कुदळ लावू देऊ नको, हातानं काढा म्हणावं..."

काट्यावर पेंढी तशीच. माणसं ताटकळलेली. मागून आप्पारावांचा आवाज आला. "शहादेव, कडबा वाटायचाय का पूजा मांडायचीय बे?" मग त्यांनी काटा स्वतःच्या हातात घेतला आणि त्याला हातानंच खूण केली, जा म्हणून. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पायात चप्पल न घालता माळावरून बारवेकडे पळत सुटला आणि त्याच्या मागून मालनबाई ओरडत होती, "अहो, हळू! पडताल!"

बारवेच्या तळाशी भोकाचे पैसे निघाले, निजामाचे निघाले आणि त्याखाली असे ओबडधोबड तुकडे निघाले की ज्यांच्यावरची अक्षरं लावायला धोंडीराम म्हातारा हवा होता. बाजूच्या झऱ्यानं ढोरांपुरतं पाणीही दिलं. सगळी नाणी आज डेअरीच्या काचेच्या कपाटात आहेत, थरांच्या क्रमानं, अंगावरच्या मातीसकट. राधाकिशन शेठ बघायला आले तेव्हा त्यांनी मालनबाईपुढं हात जोडले. एवढी नाणी कुणाला धुऊ न देता तिनं कशी काय राखली, हे काही त्यांना उमगेना.

पण मला सांगायचंय ते कमळ सापडलं त्याच दिवशीचं. दिवेलागणीला मालनबाई भाकरी थापत होती. शहादेव आला, हातपाय धुतले, फळीवरचा डबा काढला आणि चुलीपुढं बसला. डेअरीतून त्यानं कोरे कागद आणले होते. पहिली पुडी त्यानं कमळाच्या वीस पैशांची बांधली आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं, "बारवेत. मालनच्या लग्नातला. घासू नये."

ती हसली. मग त्यानं डब्यातली घासलेली नाणी काढली आणि एकेक करून बांधायला घेतली. प्रत्येक पुडीवर काहीतरी लिहीत होता.

"त्येंच्यावर काय लिवताव?" तिनं भीत भीत विचारलं. "कोणतं कुणाचं ते तर मी जाळून बसले."

शहादेवनं पुडी दिव्याजवळ धरली. "मालनकडून," त्यानं वाचलं.

"आन् ह्येच्यावर?"

"मालनकडून."

"अहो, त्यातलं एक पारूबाईचं हाय. एक तेलगावच्या बांगडीवाल्याचं..."

"आसंल. मला आता ते वळखू येत न्हाई. दर दिवाळीला समदी तुज्या हातून माज्याकडं आली, येवढं ठाऊक हाय. मंग दुसऱ्या कुणाचं नाव लिवू?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिचं तिकडं लक्ष गेलं नाही. तो नाणं बांधायचा, लिहायचा आणि जुन्या सवयीनं मोठ्यानं वाचायचा. मालनकडून. मालनकडून. अर्धा डबा झाला तेव्हा तिनं पदरानं डोळे टिपले.

"हळू वाचा की," ती म्हणाली, "शेजारी ऐकत्यात." तो हळू काही वाचेना आणि तिनंही पुन्हा म्हटलं नाही.